पेडण्याच्या किनाऱ्यावरून बेळगाव आणि त्याच दिवशी परत: एका घराचं प्रकरण

हे प्रकरण घरच्यांच्या परवानगीने लिहिलं आहे. नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मी त्यांचा शेजारी. कामानिमित्त गोव्याहून बेळगावला चढणाऱ्या चोर्ला घाटाच्या रस्त्यावर माझं येणं-जाणं असतं, म्हणून त्यांनी आखणीच्या वेळी मला बोलावलं. परतल्यावर गाडीतल्या प्रत्येकाशी वेगवेगळं बोललो, कारण एकाच दिवसाची हकीकत प्रत्येकजण वेगळी सांगतो आणि निर्णय कुठे झाले ते त्यातूनच कळतं.

पार्श्वभूमी

घर उत्तर गोव्यातल्या पेडणे तालुक्याच्या मांद्रे-मोरजी पट्ट्यातलं. आजीचं वय सत्तरीच्या पुढे, मधुमेह जुना, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. काही वर्षांपूर्वी उजव्या डोळ्याच्या पडद्यावर (रेटिनावर) बेळगावात लेझर झालेलं. तेव्हापासून डोळ्यांसाठी तिचा विश्वास त्याच डॉक्टरांवर. शिवाय तिथे सगळं मराठीत बोलता येतं, ही तिच्यासाठी लहान गोष्ट नाही.

आमच्या भागाचं आणि बेळगावचं नातं जुनं आहे. भाजी तिकडून येते, दूध येतं. दवाखान्यासाठी, लग्नाच्या बस्त्यासाठी लोक घाट चढतात. शहापूरच्या साड्या, खडेबाजार, गणपत गल्ली, रविवार पेठेतला घाऊक माल आणि येताना कुंदा मिठाईचा डबा, हे ठरलेलंच. त्यामुळे एक माणूस डॉक्टरकडे निघाला की गाडीतल्या उरलेल्या जागा आपोआप भरतात. इथेही तसंच झालं.

ऑगस्टचा महिना होता, चतुर्थी जवळ आलेली. आजीला डाव्या डोळ्यासमोर काळे ठिपके आणि जाळं तरंगताना दिसू लागलं. थोरल्या मुलाने आधी म्हापशाच्या नेत्रतज्ज्ञांना दाखवलं, हे फार बरं केलं. त्यांनी पडद्याजवळ थोडा रक्तस्राव दिसतो असं सांगितलं, तातडीची शस्त्रक्रिया लागेल असं वाटत नाही, पण आठवड्याच्या आत पडद्याच्या डॉक्टरांना दाखवा, असा सल्ला लिहून दिला. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, दाखवायचा पर्यायही त्यांनी सांगितला. आजी ऐकेना. "ज्याने एक डोळा राखला, तोच दुसरा बघू दे," एवढंच म्हणाली आणि विषय संपला.

अडचण

वरवर पाहता अडचण अंतराची नाही. मांद्र्याहून चोर्ल्यामार्गे बेळगाव सव्वाशे किलोमीटरच्या घरात. उन्हाळ्यात हे अंतर कोणी मनावरही घेत नाही.

पण इथे पाच गोष्टी एकमेकींत अडकल्या होत्या. पावसाळ्यातला घाट. दवाखान्यात किती वेळ जाईल याचा नेम नाही, कारण पडदा तपासायचा तर डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी होईपर्यंत थांबावं लागतं, त्यानंतर स्कॅन, त्यानंतर डॉक्टरांचा नंबर. आजीचं इन्सुलिन आणि जेवणाची वेळ. थोरल्याची हॉटेलातली रात्रपाळी: त्याचा मूळ बेत असा की सकाळी सहाला सुटायचं आणि तसंच गाडीला बसायचं. आणि पाचवी गोष्ट, नातीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलेलं, तर शहापूरला जाऊन शालू बघून येऊ, हा सुनेचा आग्रह. आग्रह चुकीचा मुळीच नव्हता. एवढ्या लांब दोनदा जाण्यापेक्षा एकदाच जावं, असं कुणालाही वाटेल.

मुक्काम का नाही? घरात गुरं, आणि आजीला परक्या जागी झोप लागत नाही. मुक्कामाचा विषय तिथेच थांबला. तो पुढे रस्त्यात पुन्हा निघाला, ते ओघात येईलच.

रस्त्याचे पर्याय

चारही घाटांचा विचार केला.

आंबोली: पत्रादेवी, बांदा, सावंतवाडी, मग घाट चढून चंदगडच्या बाजूने बेळगाव. वेंगुर्ला-बेळगाव हा जुना रस्ता. वळणं तुलनेने सुसह्य, वर गाव आहे, हॉटेलं आहेत, माणसं भेटतात. पल्ला थोडा जास्त. पावसाळ्यात धबधब्याजवळ शनिवार-रविवारी गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात आणि दरडींची भीती असते. आडवारी गेलं तर हा पर्याय चांगला होता.

तिलारी: दोडामार्गावरून. नकाशात जवळ दिसतो. चढ तीव्र, वळणं अरुंद. म्हाताऱ्या माणसाला मागच्या सीटवर बसवून पावसात या घाटाने न्यावं, असं मला वाटलं नाही आणि मी ते स्पष्ट सांगितलं.

अनमोड: मोलेवरून, राष्ट्रीय महामार्ग. रामनगर, लोंढा, खानापूर करत बेळगाव. फोंडा-मोल्याकडच्या माणसाला सोयीचा. पेडण्याहून आधी गोव्याच्या दुसऱ्या टोकाला जायचं, मग चढायचं. राखीव म्हणून ठेवला.

चोर्ला: चोपड्याचा पूल ओलांडून शिवोलीमार्गे म्हापसा, अस्नोडा, डिचोली, साखळी, केरी, अंजुणे धरणाच्या कडेने घाट, मग कणकुंबी, जांबोटी, बेळगाव. सगळ्यात सरळ. घाटाची चढण झेपण्यासारखी आहे; त्रास वर गेल्यावर होतो, कारण कर्नाटकाच्या हद्दीतला रस्ता पावसाळ्यात खड्ड्यांनी भरतो आणि जंगलाच्या पट्ट्यात फोनला रेंज मिळत नाही. धुकं इतकं उतरतं की समोरच्या गाडीचे दिवे जवळ आल्यावरच दिसतात.

नात फोनवर नकाशा लावत होती. तिने 'केरी' टाकलं आणि फोनने तिला तेरेखोलच्या तोंडावरची, पेडण्यातली केरी दाखवली, समुद्रकिनाऱ्याची. घाटाखालची केरी सत्तरीतली. बाहेरचे लोक इथे खरोखर चुकतात, म्हणून नकाशात थेट कणकुंबी टाकायला सांगितलं.

ठरलं चोर्लाच. मुख्य कारण अंतर नव्हतं. त्या रस्त्यावर दिवसभर गोवा-बेळगाव बस धावतात, म्हणजे रस्त्याची खबर देणारं कुणीतरी समोरून येतच असतं.

गाडी आणि चालक

गाडीवरून घरात सगळ्यात जास्त वाद झाला. वाड्यावरच्या एकाने आपली खासगी गाडी चालकासह टॅक्सीच्या निम्म्या भाड्यात देऊ केली. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने जाते तेव्हा अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करू शकते, आणि राज्याची हद्द ओलांडताना पकडली तर अडकते ती आजारी माणसासकट. हे सांगितल्यावर तो विषय बाजूला पडला. रीतसर टॅक्सीचा भाव काढला, तर परराज्याचा परवाना असलेली गाडी त्या दिवशी मिळेना.

उरली घरची छोटी गाडी. आता चालवणार कोण? थोरला म्हणत होता, "मला सवय आहे, रात्रभर जागून मी पणजीला जातोच की." रात्रपाळी करून घाट चालवायचा नाही यावर मी अडून बसलो आणि म्हापशाच्या जावयानेही माझीच बाजू घेतली. शेवटी थोरल्याने एका सहकाऱ्याशी पाळी बदलली आणि जावई दुसरा चालक म्हणून आला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय हाच. तो घरातल्या ओट्यावर झाला, रस्त्यावर नाही.

आदल्या दिवशी वायपरची रबरं बदलली, टायरमधली हवा बघितली, टाकी गोव्यातच फुल केली. इथे पेट्रोल स्वस्तही आहे आणि केरी सुटल्यावर लांबपर्यंत पंपाचा भरवसा नाही. बेळगावच्या एका नातलगाने दोन बाटल्या आणायला सांगितलं होतं, त्याला नाही कळवलं. परवान्याशिवाय गोव्याची दारू हद्दीपार नेता येत नाही आणि वाटेत तपासणी होते. आजीला डॉक्टरांकडे नेताना तो धोका कशाला घ्यायचा?

वेळ उलटीकडून बांधली

बहुतेक घरं "किती वाजता निघायचं" इथून सुरुवात करतात. आम्ही परतीपासून मोजलं.

ऑगस्टात सूर्य सातच्या जरा आधी मावळतो, पण ढगाळ दिवशी जंगलात सहालाच अंधारून येतं. म्हणजे पावणेसहाला गाडी चोर्ल्याच्या माथ्यावर हवी. बेळगावहून तिथवर पन्नास-पंचावन्न किलोमीटर, रस्ता खराब धरला तर पावणेदोन तास. म्हणजे चारला शहर सोडायचं. त्यात अर्ध्या तासाची सूट धरून साडेतीन. ही वेळ कागदावर लिहून फ्रीजवर लावली.

जाण्याचं गणित मग सोपं झालं. दवाखान्याने शनिवार किंवा बुधवार देऊ केला होता. धबधब्यांची गर्दी टाळायला बुधवार घेतला, साडेदहाची वेळ. पहाटे चारला निघून लवकर पोचू, असं जावई म्हणत होता. पण मग घाट काळोखात लागला असता. साडेपाचला निघून सातच्या सुमाराला केरी, उजेडात चढण, साडेनऊला बेळगाव.

खरेदीबद्दल असं ठरलं: आजीची तपासणी आटोपून साडेतीनच्या आत वेळ उरला तर शहापूर, नाहीतर नाही. सून कबूल झाली, पण नाराज होती. तिचं म्हणणं असं की दवाखान्याच्या बाकावर चौघांनी बसून काय करायचं? हा प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर आखणीत कुणी दिलं नाही.

प्रत्यक्ष दिवस

जाताना सगळं वेळेत. साखळीला चहा घेतला. आजीला वळणांनी मळमळतं म्हणून तिला पुढच्या सीटवर बसवलं होतं, काच थोडी उघडी. कणकुंबीच्या पुढे खड्डे लागले, वेग बैलगाडीवर आला, तरी पावणेदहाला दवाखान्यात पोचले.

आवारात गाडीला जागा नव्हती. जावयाने दोन-तीन गल्ल्या सोडून गाडी लावली आणि जेवणाचा डबा गाडीतच राहिला.

साडेदहाचा नंबर बाराला लागला. थेंब घातले, बाहुली मोठी होईपर्यंत थांबले, दुसऱ्यांदा थेंब घालावे लागले. स्कॅनच्या खोलीपुढे रांग. एव्हाना सून आणि नात यांचा धीर सुटला होता. साडेबाराला त्यांनी ठरवलं: रिक्षाने शहापूरला जाऊन येतो, अडीचपर्यंत परत. थोरल्याने परवानगी दिली. माझ्या मते त्याने बरोबर केलं. आजीपाशी दोन पुरुष होते आणि त्या दोघींना अडवून ठेवून काही साधणार नव्हतं.

एकच्या पुढे आजी गप्प झाली. थेंबांमुळे डोळ्यांवर उजेड सहन होत नव्हता, म्हणून तिने पदर कपाळावरून पुढे ओढला होता आणि तिचा चेहरा कुणाला नीट दिसत नव्हता. थोरल्याच्या लक्षात आलं ते तिच्या हातामुळे. मांडीवरची फाइल थरथरत होती. हात हातात घेतला तर तळवा घामाने गार. सकाळचं इन्सुलिन निघण्याआधीच घेतलेलं, न्याहारी साखळीला अर्धीच खाल्लेली, दुपारचं जेवण नाही. साखर उतरली होती. परिचारिकेने लगेच तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, बोटाला सुई टोचून मोजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली. मग जावई धावत जाऊन डबा घेऊन आला आणि आजीने तिथेच चपाती-भाजी खाल्ली.

पावणेतीनला डॉक्टर भेटले. डाव्या डोळ्यात नव्या नाजूक रक्तवाहिन्या होत्या, त्यातून थोडं रक्त सांडलं होतं. त्याच दिवशी लेझरचा पहिला टप्पा करून घ्या, असं त्यांनी सुचवलं. म्हणजे अजून तासभर.

हा दिवसातला सगळ्यात अवघड क्षण. साडेतीनची वेळ पाळायची तर लेझर पुढच्या फेरीवर ढकलायचा. थोरल्याने डॉक्टरांना सरळ विचारलं, "आठवडाभर थांबलं तर काय होईल?" डॉक्टर म्हणाले, थांबता येईल, पण मी लेझर लांबवणार नाही. त्यावर थोरल्याने जागच्या जागी निर्णय घेतला: आलो आहोत डोळ्यासाठी, लेझर आजच, आणि घाट उजेडात मिळाला नाही तर बेळगावात राहू. गुरांसाठी त्याने मला फोन केला. मी हो म्हटलं. मुक्कामाचा जो दरवाजा घरात बंद केला होता तो असा उघडला, आणि तो उघडा आहे हे कळल्यावर सगळ्यांच्या डोक्यावरचा ताण उतरला, असं जावई नंतर मला म्हणाला.

सून-नात तीनला परतल्या. शालू घेतला नव्हता. दोन दुकानांतले भाव आणि फोटो मात्र आणले होते.

लेझर आटोपून गाडी सुटली ती चार-वीसला.

जांबोटीला थांबले

जांबोटीला पाऊस कोसळत होता. चहाच्या टपरीवर कळलं की पुढे घाटाच्या बाजूला झाड पडलंय. नक्की कुठे, रस्ता बंद की अर्धा खुला, कुणालाच ठाऊक नाही. फोनवरचा नकाशा रस्ता मोकळा दाखवत होता, पण जिथे रेंजच नाही तिथलं त्याला काय कळणार?

तीन वाटा होत्या. तसंच पुढे जायचं. जांबोटीवरून खानापूरला वळून अनमोडने उतरायचं, म्हणजे घाट अंधारात आणि पुढे अख्खा गोवा आडवा. किंवा मागे फिरून बेळगावला मुक्काम.

त्यांनी चौथी गोष्ट केली, जी घरून निघतानाच मी सांगितली होती: गोव्याकडून वर येणारी बस येईपर्यंत थांबायचं आणि चालकाला विचारायचं. हद्दही ठरवली. साडेपाचपर्यंत बस आली नाही तर मागे. पाच-दहाला पणजीहून आलेली बस थांबली. चालकाने सांगितलं, झाड कापून बाजूला केलंय, एक गाडी जाईल एवढी वाट आहे, माथ्यावर धुकं दाट आहे, पण खाली उतरलं की साफ. लगेच निघाले. चाक आता जावयाच्या हाती, कारण थोरला दिवसभर आजीच्या मागे होता आणि दमला होता. खालचे दिवे लावून, एका ट्रकच्या मागे सुरक्षित अंतर राखून उतरले. माथ्यावर पोचायला सव्वासहा झाले. ठरवलेल्या वेळेपेक्षा अर्धा तास उशीर, पण उजेड शाबूत होता. सातच्या सुमाराला केरी, साडेआठच्या पुढे घर. गुरांना वैरण मी घालून ठेवली होती.

निष्पत्ती

डोळ्याचा पुढचा टप्पा ऑक्टोबरमध्ये झाला. जाळं कमी झालंय, वर्तमानपत्राचे मथळे आजी वाचते. बारीक अक्षर अजून नाही.

शालू सप्टेंबरअखेर सून आणि नात कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसने जाऊन घेऊन आल्या. सुनेचं म्हणणं, त्या वेळी फोटो आणि भाव हाती होते म्हणून दुकानात तासाभरात काम झालं.

वेगळं काय करता आलं असतं

डबा. मधुमेही माणसाचं जेवण त्याच्या मांडीवर हवं, गाडीत नाही, आणि खिशात साखरेची पुडी. आखणीत आम्ही टायरची हवा मोजली आणि हे राहिलं. आदल्या दिवशी डॉक्टरांना फोन करून एवढंच विचारायला हवं होतं: जेवायला उशीर होणार असेल तर सकाळच्या इन्सुलिनचं काय करू? ते मात्रा सांगतात. आपल्या मनाने कमी-जास्त करायची नाही.

दवाखान्यालाही आधी विचारता आलं असतं की गरज पडली तर उपचार त्याच दिवशी करता का. म्हापशाच्या डॉक्टरांनी रक्तस्राव लिहून दिला होता, म्हणजे लेझर निघण्याची शक्यता होतीच. उत्तर हो आलं असतं तर सकाळची पहिली वेळ मागता आली असती, किंवा मुक्कामाची पिशवी गाडीत टाकता आली असती. प्रत्यक्षात आजीचं संध्याकाळचं इन्सुलिन सोबत नव्हतं. बेळगावला राहावं लागलं असतं तर रात्री औषधाचं दुकान शोधत फिरावं लागलं असतं.

साडेतीनच्या वेळेबद्दल घरात अजून मतभेद आहेत. जावई म्हणतो, पाळायची नव्हती तर लिहिली कशाला? मला उलट वाटतं. ती लिहिलेली होती म्हणूनच पावणेतीनला थोरल्याला कळलं की आपण काय ओलांडतोय आणि त्या बदल्यात मुक्कामाची तयारी ठेवावी लागेल. वेळ लिहिलेली नसती तर ते लेझर करून निवांत कुंदा घेऊन सहाला निघाले असते, आणि जांबोटीला त्यांना अंधारात बस शोधावी लागली असती.

ऑक्टोबरच्या फेरीला थोरला, जावई आणि आजी असे तिघेच गेले. वेळ सकाळी साडेनऊची मिळाली, म्हणून आदल्या दुपारीच निघून रात्री बेळगावात राहिले. आजीला झोप लागली नाही, हे तिने परत आल्यावर मला दोनदा ऐकवलं.